लाडवातली पापडी

चोरटी निर्यात मी आयुष्यात एकदाच केली, आणि तीही बेसनाच्या लाडवातून. सोनं नाही, हिरे नाहीत, वालपापडीचं बी. तस्करीत नाव काढायची ज्यांना इच्छा असेल त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावू नये.

पापडी आईची. शेंगेची कड जांभळी, फूल जांभळं, बी काळंभोर, आणि बियाच्या एका बाजूला पांढरी रेघ, जणू कोणी नखाने चुना लावलाय. लग्न होऊन आली तेव्हा आई हे बी माहेराहून घेऊन आली होती आणि दर वर्षी लावून, दर वर्षी नवीन धरून तिने ते चालू ठेवलं होतं. गिरगावच्या चाळीत गॅलरीतल्या तेलाच्या डब्यात तो वेल वाढायचा. पुढे आम्ही ती खोली विकून मीरा रोडच्या पेणकरपाड्याला अगदी वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्या काळी मुंबईतले नातेवाईक मीरा रोडचं नाव काढलं की आम्ही काळ्या पाण्यावर निघाल्यासारखे बघायचे, आणि त्यांच्यातले निम्मे पुढच्या पाच-सात वर्षांत याच काळ्या पाण्यावर गुपचूप बुकिंग करून मोकळे झाले. असो. सामानाच्या टेम्पोत आईने मांडीवर एकच वस्तू धरली होती. रुंद तोंडाची काचेची बरणी. आत राख, राखेत बी.

राखेवर आईची श्रद्धा देवापेक्षा किंचित जास्त. राखेत बी ठेवलं की भुंगा लागत नाही, हे तिचं पक्कं. गॅसच्या शेगडीतून राख निघत नाही हा तिच्या मते गॅसचा एकमेव पण अक्षम्य दोष. म्हणून केबिन रोडच्या अलीकडे एक लाकडाच्या भट्टीची बेकरी होती तिथून मी राख आणायची. लोक बेकरीत पाव घ्यायला जातात, मी पिशवी पुढे करून राख मागायचो. बेकरीवाला मला काय समजत होता कोण जाणे, पण कधी नाही म्हणाला नाही.

तिचा दुसरा नियम बी देण्याबद्दलचा. मागितल्याशिवाय द्यायचं नाही. मागणाऱ्याने रिकामं भांडं घेऊन स्वतः दारात यायचं, तोंडाने मागायचं, आणि मग त्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. न मागता दिलेलं बी उगवत नाही, उगवलं तर धरत नाही. मी विज्ञानाचा पदवीधर असल्यामुळे यावर हसायचो. पदवीचा तेवढाच उपयोग मला झाला.

पेणकरपाड्याच्या गच्चीवर मात्र वेलाने कहर केला. पिंपात लावला, दोरीवर चढवला, तर थंडीत बिल्डिंगभर पापडी. सगळ्यांनी खाल्ली, सगळ्यांनी वाहवा केली, आणि पावसात गच्ची गळायला लागल्यावर सगळ्यांना एकमताने आठवलं की गच्चीवर आमचं पिंप आहे.

आमचे सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी काय केलं ठाऊक नाही, पण निवृत्तीनंतर मात्र ते एक दिवस स्वस्थ बसले नाहीत. तळमजल्याला त्यांचा फ्लॅट, मागे खिडकीच्या ग्रिलला लागून दोन हात मातीची पट्टी, पलीकडे कंपाउंडची भिंत. गळती वरच्या मजल्याला, म्हणजे आम्हालाच, त्रास तळमजल्याला. वनस्पतींची मुळं सिमेंट कशी खातात यावर त्यांनी सभेत असं व्याख्यान दिलं की मी स्वतः आमच्या पापडीकडे संशयाने बघायला लागलो. ठराव झाला. थंडी संपता संपता वेल कापला गेला. वाळलेल्या शेंगांतलं जेवढं बी हाताशी आलं तेवढं आईने बरणीत भरलं, उरलेला पाला वॉचमनने ओढत नेऊन मागच्या बाजूला टाकला. आई संध्याकाळी बरणी हलवून बघत होती, एवढंच.

कारण बी म्हातारं होतं. एक वर्ष चांगलं, दुसऱ्या वर्षी अर्धं, तिसऱ्या वर्षी नशीब. लावायला जागा नसेल तर बरणीतल्या बरणीत आईची पापडी संपणार होती, आणि हे घरात फक्त तिला कळत होतं.

अशात ऑस्ट्रेलियाहून ताईचा फोन आला. माझ्यापेक्षा मोठी, लग्नानंतर तिकडे गेलेली. त्यांनी नवीन घर घेतलं होतं आणि घरामागे अंगण, अंगणाला कुंपण. तिने आईकडे बी मागितलं. आई म्हणाली, भांडं कुठाय? तर ताईने तिथे फोनला वाटी लावून चमच्याने टणटण वाजवून दाखवली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोचतं कर."

आता पोचतं कसं करायचं हा प्रश्न मी बिल्डिंगच्या पायऱ्यांवर मांडला ही पहिली चूक. परदेशात बी पाठवलेलं चालत नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यापुढे कोणाला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे सल्ले फार मिळाले. एकाने साडीच्या फॉलमध्ये शिवा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने शुभेच्छापत्राच्या दोन कागदांमध्ये चिकटवा म्हटलं. तिसऱ्याच्या मेव्हण्याने म्हणे उशीतून आंब्याच्या कोयी नेल्या होत्या. त्या मेव्हण्याचं पुढे काय झालं हे तो सांगेना. नियम काय आहे ते बघावं असं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. नियम बघणं हे आपल्याकडे हरल्याचं लक्षण. हुशार माणूस नियम बघत नाही, वाट बघतो.

माझी वाट दिवाळीची होती. दिवाळीआधी केबिन रोडवर फराळ परदेशी पाठवणाऱ्या कुरिअरवाल्यांचे फलक लागतात. हजारो मराठी आया मुलांना लाडू पाठवतात. मनात आलं, लाडवावर कोण संशय घेतो? बेसनाच्या लाडवात बेदाणा असतो, तसं पापडीचं बी पोटात घालायचं. बायकोने मला वेड्यात काढलं. आईने विचारलं, "लपवून पाठवावं लागतं ते बी की पाप?" पण बरणी तिच्या डोळ्यासमोर म्हातारी होत होती. शेवटी तिने एकच अट घातली, लाडू गार झाल्यावर वळायचे, गरम बेसनात बी मरतं. तूप थिजत आलेलं असताना मी स्वतः बसून वळले. राखेचं बोट लागून काही लाडू करडे झाले. आई म्हणाली, हे चोराचे लाडू ओळखूच येतायत.

कुरिअरवाल्याने डबा हलवून विचारलं, "अंदर क्या है, साहब?" मी म्हटलं, फराळ. त्याने "सूखा नाश्ता" लिहिलं, वर मला खात्री दिली की उधर कोई देखता नहीं. या माणसाचा आत्मविश्वास बघून मला इतकं बरं वाटलं की मी येताना स्वतःसाठी वडापाव घेतला.

उधर सगळे देखते. नुसते देखते नाहीत, कुत्र्याकडून हुंगवून घेतात. ताईचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. लाडू, चिवडा, शंकरपाळे, सगळं जाळून नष्ट केलं होतं. लाडवात बी, चिवड्यात कढीपत्ता, आणि शंकरपाळ्यांचा गुन्हा काय ते मला आजही कळलेलं नाही. वाईट संगत, दुसरं काय. वर ताईला समजपत्र आलं होतं, अत्यंत सभ्य भाषेत, की तुमच्या नावाने आलेल्या खाद्यपदार्थात लपवलेलं बियाणं सापडलं, पुन्हा असं झालं तर दंड होईल.

"माझी नागरिकत्वाची फाइल चालू आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आणि तू माझ्या नावावर लाडवात लपवलेला माल पाठवतोस."

मी म्हटलं, अगं माल काय, पापडी आहे.

"शहाण्या, तू मला आधी विचारलंस का? मी इथे विचारलं असतं."

मग तिने खरंच विचारलं. आणि जे कळलं त्याने माझी झोप नव्हे पण अहंकार उडाला. आमच्या पापडीला त्या देशात मनाईच नव्हती. पाकिटावर शास्त्रीय नाव हवं. पाकीट नवं, बंद आणि आतलं दिसणारं हवं. बी कोरडं, स्वच्छ. माती नको, किडा नको, पाल्याचा तुकडा नको. बाहेर काय आहे ते खरं लिहायचं, आणि सोबत आपल्याकडच्या वनस्पती तपासणी कार्यालयाचा दाखला. हे सगळं त्यांच्या सरकारच्या संकेतस्थळावर उघड लिहिलेलं होतं, मी लाडू वळत होतो तेव्हासुद्धा. सायबर कॅफेत बसून ते मी वाचलं आणि शेजारी गेम खेळणाऱ्याने बघू नये म्हणून खिडकी बंद केली.

तपासणीच्या कार्यालयात जाताना मी तयारीने गेलो होतो. म्हणजे कागदांची तयारी नाही. टेबलामागच्या माणसाने उडवून लावलं की काय काय सुनवायचं याची. टेबलामागे एक बाई होत्या. त्यांनी उडवून लावलं नाही, त्यामुळे माझी अर्धी भाषणं फुकट गेली. त्यांनी पिशवी उघडली, भिंग लावलं आणि विचारलं, हे करडं काय आहे? बस्स. मला संधी मिळाली. राख हे आपल्या पूर्वजांचं कीडनाशक कसं, पाश्चात्त्यांना हे आत्ता आत्ता कळतंय, आपलं ज्ञान आपणच कसं टाकून देतो, सगळं बोललो. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही ऐकायला लागले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"राख काढून आणा," त्या म्हणाल्या. "आणि दोन बियांना भोकं आहेत, ती निवडा."

म्हणजे राखेतसुद्धा भुंगा लागला होता. ही बातमी आईला सांगताना मी चुकून थोडा आनंदात होतो. तिने ते लक्षात ठेवलं.

राख काढायला ती तयार होईना. धुवायचा तर प्रश्नच नव्हता, ओलं बी कुजतं, आणि गंमत म्हणजे या एका मुद्द्यावर ऑस्ट्रेलिया आणि आई यांचं एकमत होतं. शेवटी तिने बाबांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं काढलं आणि एकेक बी पुसायला बसली. चष्मा नाकाच्या टोकावर. पुसायचं, उजेडात धरायचं, पांढऱ्या रेघेतली राख सुईने हळूच काढायची, भोक दिसलं तर डावीकडे, नाही तर उजवीकडे. मी मदतीला बसलो तर माझी सगळी बियं तिने परत तपासली.

उजवीकडचा ढीग अगदीच लहान झाला. आई म्हणाली, "यातली मूठभर इथे ठेवू."

इथे मी जे बोललो ते माझ्या एकूण कारकिर्दीतलं सर्वोत्तम. म्हटलं, अगं, तिकडे अंगण आहे, तुझ्याकडे काय आहे? गच्चीवर बंदी, खिडकीत ऊन नाही. ठेवून काय आमटी करायची? शिवाय पुन्हा त्या कार्यालयात खेटे कोण घालणार? एकदाच काय ते होऊन जाऊ दे. आणि सगळी भरली. आईने डावीकडची, भोकाची बियं उचलली, बरणीत राखेत टाकली, झाकण लावलं.

या वेळी पाकीट रीतसर गेलं. दाखला मिळाला, बाहेर खरं लिहिलं. कुरिअरवाल्याने ते वाचून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी धंद्याला बट्टा लावतोय. तिकडे त्यांनी उघडलं, बघितलं, परत बंद करून ताईला दिलं. कुत्रा या वेळी काही बोलला नाही.

पुढच्या वर्षी ताईच्या कुंपणावर जांभळी फुलं आली. तिने फोटो पाठवला, मी सायबर कॅफेत छापून आणला. आईने तो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. "कड जांभळी आहे," म्हणाली, "म्हणजे आपलीच," आणि देवघरात नाही, डब्यांच्या फळीवर लावला, रोज दिसेल असा.

आणि आमची गच्ची? ती वेल गेल्यावरही तितकीच गळत होती, उलट जरा जोमाने. शेवटी प्लंबर वर चढला तर टाकीखालचा पाइप फुटलेला. मुळं सिमेंट खात नव्हती, सेक्रेटरी आमचं डोकं खात होते. त्यांनी मात्र जराही न लाजता नवा ठराव मांडला, की खाली ताट ठेवल्यास गच्चीवर पिंपं ठेवण्यास हरकत नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. काय करणार, आपलं पिंप आपल्याला परत मिळत होतं.

आईने पिंप धुतलं, मी घोडबंदरहून पोत्यातून माती आणली आणि तिने बरणीतली भोकाची बियं लावली. एकही वर आलं नाही. मातीवर पांढरी बुरशी तेवढी आली. रोज सकाळी ती वर जायची, खाली यायची, मला काही म्हणायची नाही. ती काही म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, त्यात काय, इथे पोतंभर आहे, थंडीत येतेय तेव्हा पर्समध्ये घालून आणते. आणि मी, लाडूफेम मी, चक्क म्हणालो की तसं चालत नाही. एव्हाना मी या विषयातला जाणकार झालो होतो. पायऱ्यांवरचे लोक मला सल्ला विचारत. आपल्या देशातही बाहेरचं बी आणायला परवाना लागतो, तिकडचा दाखला लागतो, विमानतळावर सांगावं लागतं. ताई फोनवर इतका वेळ हसली की माझं कार्ड संपतंय की तिचं तेच कळेना.

आईने मला विचारलं, "आपलंच बी. आपल्याच घरी आणायला परवाना?"

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, "मग नको. लाडवाचं झालं तेवढं पुरे."

म्हणजे तिकडे कुंपणभर पापडी आणि ज्या बाईने ती आयुष्यभर धरली तिच्या पिंपात बुरशी. हे माझ्या एकट्याच्या हुशारीने घडवून आणलं होतं, कोणत्याही सरकारचं यात काही योगदान नाही.

आणि मग एका सकाळी आई खाली भाजीच्या गाडीवर गेली ती भाजी न घेताच वर आली. कोथिंबिरीची पिशवी रिकामी. म्हणाली, जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात पापडीच्या शिरा आहेत. मी म्हटलं, असतील, थंडी आहे, बाजारात पापडी आलीय.

"बाजारातल्या शिरा हिरव्या असतात," आई म्हणाली. "या जांभळ्या आहेत."

मी मागच्या बाजूला गेलो. तिथे कोणी जात नाही. भिंत, गटार आणि मांजरी. सेक्रेटरींच्या खिडकीचं ग्रिल खालपासून वरपर्यंत आमच्या पापडीने झाकलं होतं. वॉचमनने ओढून टाकलेल्या पाल्यातल्या शेंगा त्यांच्या मातीच्या पट्टीत पडल्या असणार, पावसात उगवल्या असणार. वरच्या टोकाला काही शेंगा वाळून खुळखुळत होत्या. सिमेंट खाणाऱ्या मुळांचे व्याख्याते गेल्या थंडीपासून पापडी खात होते.

मी वर येऊन म्हटलं, रात्री जाऊन चार शेंगा तोडून आणतो, त्याला कळणारही नाही. आईने मांडणीवरची स्टीलची वाटी काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

"जा. माग."

मी म्हटलं, त्या माणसाकडे? आपलं बी? तो ठराव विसरलीस?

"कोणाचं बी ते नंतर बघू. संपवलं कोणी?"

विज्ञानाच्या पदवीधराने वाटी या हातातून त्या हातात घेतली. मी चपला घातल्या.

तीन मजले उतरताना वाटी कुठे धरावी ते कळेना. लपवावी तर खिसा लहान, उघडी धरावी तर भिक्षेकरी. दार सेक्रेटरींनीच उघडलं. आतून ओवा आणि पापडीचा वास येत होता. त्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गेली दोन वर्षं मी त्यांच्यामागे त्यांची नक्कल करत होतो आणि ती चांगली होत असे, हे त्यांच्या कानावर होतं.

"काय काम?"

"बी हवं होतं," मी म्हटलं. "पापडीचं."

"कसली पापडी?"

"मागच्या ग्रिलवरची."

"ती आपोआप उगवलेली आहे."

मी म्हटलं, हो, माहितीय. माझ्या तोंडात पाइप, सिमेंट, ठराव सगळं एकदम आलं होतं. एरवी यातल्या एकावर मी अर्धा तास बोललो असतो. वाटी हातात असली की माणसाला फार बोलता येत नाही, हा आईच्या नियमाचा भाग मला कोणी सांगितला नव्हता.

"द्याल का?" मी म्हटलं. "आईला लावायचंय."

ते म्हणाले की सोसायटीच्या आवारात जे आपोआप उगवतं त्याबद्दल कमिटीत विचार करावा लागेल. खरंच म्हणाले. तेवढ्यात आतून त्यांच्या सौभाग्यवती, अख्ख्या बिल्डिंगच्या काकू, हात पुसत आल्या.

"अहो, त्यांच्या हातात रिकामी वाटी आहे," त्या म्हणाल्या. "दारात उभं ठेवून कमिटी कसली भरवताय?"

वाटी घेऊन त्या आत गेल्या आणि भरून आल्या. शिगोशीग. वर म्हणाल्या, आईंना सांगा, त्यांच्याकडे मागायला यायचं दोनदा मनात आलं, पण ह्यांच्या त्या ठरावानंतर कुठल्या तोंडाने येणार? सेक्रेटरी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

वर आलो तर आई दारातच. वाटी घेतली, बी बोटांनी चाळवलं, एक उचलून पांढरी रेघ बघितली. "तोंडाने मागितलंस ना? की नुसती वाटी पुढे केलीस?"

मी म्हटलं, मागितलं. द्याल का म्हणालो.

मग तिने धोतराचं फडकं पसरलं, चष्मा लावला आणि निवडायला बसली, डावीकडे, उजवीकडे. मान वर न करता मला बेकरीत जाऊन राख आणायला सांगितली. मी पिशवी शोधत होतो तेव्हा म्हणाली, "यातली मूठभर मी वेगळी ठेवतेय. कुठे ते तुला सांगणार नाही."